अभिनंदनाची हरकत

मुलुंड पूर्वेच्या ‘सहवास’ सोसायटीत मोबाईलला रेंज यायची ती एकाच ठिकाणी. दुसऱ्या मजल्यावर, चंद्रप्रकाश ढवळ्यांच्या गॅलरीत, डाव्या कोपऱ्यात. तिथेही ती सरळपणे येत नसे. कठड्यावर डावं कोपर टेकवून, मान जरा बाहेर काढून, खाली कोणावर तरी थुंकायचा बेत असावा अशा पवित्र्यात उभं राहावं लागे. उजव्या कोपऱ्यात सरकलात की पलीकडचा माणूस नुसतं ‘हॅलो, हॅलो’ करत राही आणि शेवटी वैतागून फोन ठेवी.

याला कारण सोसायटीचा बाणेदारपणा. आजूबाजूच्या सगळ्या बिल्डिंगी पाडून तिथे आभाळाला टेकणारे टॉवर उभे राहिले. ‘सहवास’वाल्यांचं मात्र पुनर्विकासात मिळणाऱ्या जास्तीच्या जागेवरून एकमत होईना, त्यामुळे आमची चार मजली इमारत विहिरीच्या तळाशी पडलेल्या बादलीसारखी तिथेच राहिली. दोन टॉवरांच्या मधल्या फटीतून जी काय रेंज आत शिरे, ती नेमकी ढवळ्यांच्या गॅलरीत उतरे. वायरचं इंटरनेट म्हणाल तर केबलवाल्याची वायर क्रेनने तोडली होती, आणि रस्ता नुकताच सिमेंटचा झाल्यामुळे तो पुन्हा खणायला महापालिका परवानगी देत नव्हती. थोडक्यात, सगळ्या जगाशी आमचा संबंध ढवळ्यांमार्फत होता.

सकाळी सेक्रेटरी राजेश सावंत येत. कणकवलीच्या भावाशी त्यांचा बांधावरून वाद होता आणि तो रोज ताजा ठेवावा लागे. मग तळमजल्याच्या कुंदाताई, लेकीला फोन करायला. चेतना नाशिकला, तिचं बाळ नुकतं बसायला लागलेलं. ते बसलेलं बघून कुंदाताई गॅलरीत ओरडत, “बसला गं, बसला!” दुपारी मिथुन. तो जागांची दलाली करायचा आणि फोनवर प्रत्येकाला सांगायचा की आपण आत्ता साइटवर उभे आहोत. आणि संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरची निधी लॅपटॉप घेऊन यायची, खुर्ची कोपऱ्यात ओढून अमेरिकेतल्या कुणाकुणाच्या विम्याच्या तक्रारी ऐकत बसायची.

“माझं घर म्हणजे काय पीसीओ आहे?” असं ढवळे अधूनमधून म्हणत. पण म्हणत ते चहाचं आधण ठेवता ठेवता. मरोळच्या एका पंपाच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. शेवंतीबाई गेल्यापासून घरात एकटा. मुलगा ओजस हैदराबादला. तो रविवारी फोन करी. “सगळं ठीक ना? गोळ्या घेता ना? चला, ठेवतो.” अख्ख्या सोसायटीत उत्तम रेंज असलेल्या माणसाला फोन मात्र सगळ्यांत कमी येत. ढवळ्यांनी कोणाला न सांगता गॅलरीसाठी एक जादा खुर्ची आणून ठेवली होती आणि सकाळी उठल्या उठल्या ते आधी दाराची कडी काढत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना माणसाने गप्प बसावं. पण ढवळ्यांना नोटीस बोर्ड वाचायची खोड होती. पाण्याची टाकी धुण्याची नोटीस आणि गॅलरीतून कपडे ठिबकवू नयेत ही नोटीस यांच्यामध्ये त्यांना वीज कंपनीची एक जाहीर सूचना दिसली. कंपनी म्हणजे सरकारी वीज कंपनी. तिच्या केबलींबरोबर जमिनीखालून फायबर गेलेली आहे, त्यातली जास्तीची फायबर आणि सोसायटीच्या आवारातल्या सबस्टेशनच्या छपरावरची मोकळी जागा ती मोबाईल कंपनीला भाड्याने देणार होती. छपरावर खांब येणार, खांबावर अँटेना, आणि तिथूनच घरोघर इंटरनेटची वायर. रस्ता खणायला नको, काही नको. कोणाच्या हरकती वा सूचना असल्यास कळवाव्यात.

ढवळ्यांना ते वाचून फार बरं वाटलं. सरकारी कंपनीला आपल्याकडे पडून असलेल्या वस्तूची आठवण झाली, ही गोष्ट स्टोअरकीपरच्या काळजाला भिडणारीच होती. त्यांनी उभ्या आयुष्यात पत्रं लिहिली ती सगळी ‘सदर मालात खालील त्रुटी आढळून आल्या’ अशी. शेवंतीबाई म्हणायच्या, “तुमच्या तोंडून कधी कोणाचं चांगलं म्हणून निघायचं नाही. वरण बरं झालंय म्हणायला काय जातं?” ते त्यांना त्या क्षणी आठवलं, आणि त्यांनी वीज कंपनीला अभिनंदनाचं पत्र लिहिलं. चांगलं ऐसपैस लिहिलं. कंपनीची दूरदृष्टी वाखाणली, खांबाला शुभेच्छा दिल्या आणि पत्र स्वतः जाऊन कार्यालयात देऊन आले.

थोड्याच दिवसांत उत्तर आलं. ‘श्री. चंद्रप्रकाश ढवळे, हरकतदार’ असा मायना होता. आपली हरकत प्राप्त झाली असून तिची सुनावणी होईपर्यंत काम स्थगित ठेवण्यात येत आहे, असं खाली लिहिलं होतं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तो असा.

ढवळे तसेच पायात चपला सरकवून कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी त्यांचं पत्र काढलं, वाचलं आणि म्हणाल्या, “बरोबर आहे. हरकत.”

“अहो मॅडम, हे अभिनंदन आहे. पहिलंच वाक्य बघा ना.”

“अभिनंदनाचं हेड नाही आमच्याकडे. हरकत नाहीतर सूचना.”

“मग सूचनेत तरी टाकायचं!”

“सूचना म्हटलं की काका, त्याच्यावर कार्यवाही करावी लागते. हरकतीत नुसतं ऐकून घ्यायचं असतं. तुमच्याच सोयीचं बघितलं मी.”

“बरं, मग मागे घेतो मी ती हरकत.”

“ती सुनावणीतच मागे घेता येते. साहेब घरी येतील जागेची पाहणी करायला, तेव्हा सांगा.” बाईंनी पत्र पुन्हा उलटसुलट करून पाहिलं. “पण काका, तुमची हरकत नेमकी काय आहे ते ह्याच्यात लिहिलंच नाही. आधी हरकत सांगावी लागेल, त्याशिवाय मागे काय घेणार?”

ढवळे अपमानित चेहऱ्याने घरी आले. आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं भलं चिंतलं, तर त्याची ही गत.

इकडे सोसायटीत बातमी पोचली होती. खांबाचं काम अडलंय, कुणीतरी हरकत घेतलीय. कोणी, ते कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी राजेश सावंत गॅलरीत कोपर टेकवून भावाला सांगत होते, “अरे, खयचो तो मेलो हरकतदार, माका एकदा गावांदे! तेका खांबाकच बांधून ठेवतंय!” मग फोन ठेवून त्यांनी ढवळ्यांच्या हातचा चहा घेतला. “काय लोकं असतात बघा ना ढवळे. दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. आलं घातलंय वाटतं? झकास.”

ढवळ्यांनी मान हलवली. काय सांगणार? ‘मी अभिनंदन केलं आणि त्याची हरकत झाली’ हे वाक्य त्यांनी मनातल्या मनात दोनतीनदा म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी ते त्यांना स्वतःलाच खोटं वाटलं.

पण खरा घोटाळा राजेश सावंतांनी केला नाही, तो केला कुंदाताईंनी, आणि तोही अगदी चांगल्या मनाने. नातवाचं बसणं पाहून झाल्यावर जाता जाता त्या म्हणाल्या, “काका, एकदाचा तो खांब लागू दे. तुमची सुटका! किती त्रास दिला आम्ही तुम्हाला. नंतर कोणी फिरकणार नाही बघा इकडे.”

“हो, खरंय,” ढवळे म्हणाले आणि दार लोटून खुर्चीवर बसले. हा विचार त्यांना पत्र लिहिताना शिवलाही नव्हता. स्टोअरकीपरने मालाच्या चढ-उताराचा विचार केला होता, पण आपल्याकडचा माल संपला की गिऱ्हाईक येत नाही हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. त्या खांबाला शुभेच्छा देऊन त्यांनी आपल्याच घरातली वर्दळ पुसून टाकायला सांगितलं होतं. ढवळ्यांना भीती वाटली. शेवंतीबाई गेल्या तेव्हाची पहिली दुपार त्यांना आठवली. सगळे नातेवाईक निघून गेल्यावर फ्रिजचा आवाज केवढा मोठा येत होता.

सुनावणीला उपअभियंता सर्वेश आला. तरुण, घामाघूम आणि आधीच कसनुसा. वीज कंपनीचा माणूस म्हटल्यावर मुंबईत कोणी पाणी विचारत नाही, बिल विचारतात. ढवळ्यांनी त्याला पंख्याखाली बसवलं, आणि सुशीला करून समोर ठेवली. हे त्यांच्या परभणीकडचं खाणं. भिजवलेले चुरमुरे, हिरवी मिरची, शेंगदाण्याचं कूट. सर्वेशने पहिली बशी कर्तव्य म्हणून खाल्ली आणि दुसरी मागून घेतली. खाता खाता त्याने सगळं समजावून सांगितलं.

“त्याचं असं आहे काका, आमच्या केबलबरोबर जमिनीत फायबरची नळी असते. आत केसासारखे काचेचे तंतू. आम्हाला आमच्या सबस्टेशनांशी बोलायला त्यातले थोडेच लागतात. बाकीचे नुसते पडून असतात.”

“पडून म्हणजे खराब झालेले?”

“छे हो! एकदम धडधाकट. फक्त त्यांच्यातून कोणी बोलत नाही.”

ढवळ्यांनी कप खाली ठेवला. “आणि बाहेरून बघून काही कळतं? कोणता चालू, कोणता पडून?”

“नाही ना. बाहेरून सगळे सारखेच दिसतात.”

ढवळ्यांना जमिनीखालच्या त्या तंतूंबद्दल एकदम आपुलकी वाटली. त्यांना वाटलं, याला सगळं सांगून टाकावं. पण सर्वेशने हात धुऊन पेन काढलं होतं. “बोला काका. हरकत काय लिहू?”

हरकत सांगायची आणि लगेच मागे घ्यायची, असं ठरवूनच ढवळे बसले होते. त्यांनी इकडे तिकडे बघितलं. समोरच्या पिंपळावर एक कावळा बसला होता.

“कावळे,” ढवळे म्हणाले. “खांबावर कावळे बसतील.”

“पक्षीविषयक,” सर्वेशने गंभीरपणे लिहून घेतलं. “घरटी, घाण, नागरिकांना टोचा मारणे. बरोबर? ही हरकत तुम्ही मागे घेताय ना?”

गॅलरीत मिथुन साइटवर उभा होता. त्याचा आवाज घरभर घुमत होता. ढवळ्यांनी तो आवाज ऐकला, आणि ते म्हणाले, “नाही. कायम ठेवतो.”

हे बोलून झाल्यावर सगळ्यांत जास्त आश्चर्य त्यांनाच वाटलं.

पक्षीविषयक हरकत म्हटल्यावर प्रकरण वरच्या कार्यालयात गेलं. तिथून विचारणा झाली की कावळे स्थानिक आहेत की बाहेरून येणारे. त्यासाठी सर्वेशला पुन्हा यावं लागलं. मग एक वेगळाच गृहस्थ कावळे बघायला आला आणि अख्खी सकाळ गॅलरीत बसला. त्या सकाळी नेमका एकही कावळा आला नाही, तेव्हा ढवळ्यांनी यजमानाच्या ओशाळेपणाने कठड्यावर पोळीचे तुकडे टाकले. सर्वेश आला की सुशीला व्हायची. तो आपल्या बदलीबद्दल बोलायचा, ढवळे पंपांबद्दल बोलायचे. गॅलरीतली माणसं होतीच, त्यात ही भर. खरं सांगायचं तर ते दिवस ढवळ्यांना चांगले गेले. मनात टोचणी होती, पण घरात माणसं होती, आणि माणसं असली की टोचणी जरा कमी ऐकू येते.

सत्य बाहेर आलं ते सर्वेशच्या कौतुकामुळे. खाली आवारात राजेश सावंतांनी त्याला गाठून विचारलं, “साहेब, आमच्या खांबाचं काय झालं?” त्यावर तो ढेकर देत म्हणाला, “होईल हो, तुमचे हरकतदार लई गोड माणूस आहेत. ढवळे काका. त्यांच्या हातची सुशीला खाल्लीय का तुम्ही?”

राजेश सावंत एकेक पायरी गाळत वर आले. त्यांना राग खांबाचा नव्हताच.

“ढवळे, माझ्याच तोंडान तुमी सवताक गाळी घालून घेतलात? आणि वर माका चाय पाजलात? आलं घालून?”

“सावंत, ते मूळ पत्र अभिनंदनाचं होतं—”

“अभिनंदन? आता माका शिकवा!”

संध्याकाळी शिष्टमंडळ आलं. सगळे त्यांच्याच खुर्च्यांवर बसले आणि त्यांच्याच ग्लासांतून पाणी प्यायले. मिथुन म्हणाला, “काका, सेटिंग करायची असेल तर मला सांगायचं ना यार. कावळे कुठे आणले मध्ये?” कुंदाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “आमचा त्रास होत होता तर तसं तोंडावर बोलायचं होतं हो. बिचाऱ्या कावळ्यांवर कशाला ढकललं?” ढवळ्यांना सांगायचं होतं की त्रास होत नव्हता, हीच तर अडचण आहे. पण असं वाक्य पुरुषमाणसाने चारचौघांत कसं म्हणायचं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. ते म्हणाले, “कावळ्यांचा प्रश्न गंभीर आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी आलं नाही.

अभिमान ही चीज रेंजपेक्षा मोठी. राजेश सावंत आता नाल्याच्या पुलापर्यंत चालत जाऊन भावाशी भांडू लागले. मिथुन गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढून, तुटत तुटत, साइटवर असल्याचं सांगू लागला. कुंदाताई कचऱ्याच्या डब्यांपाशी हात वर करून उभ्या राहायच्या आणि नातवाऐवजी बहुतेक वेळ नुसतं गोल फिरणारं चक्र बघायच्या. हे सगळं ढवळे गॅलरीतून बघत होते. त्यांच्या फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या होत्या. तेलही गेलं, तूपही गेलं. ज्याच्यासाठी हरकत ठेवली तेच हरकतीने घालवलं.

एक निधी तेवढी येत राहिली, कारण तिला दुसरा उपाय नव्हता. ती यायची, काम करायची आणि चहा नको म्हणायची. तिने चहा नको म्हणणं ढवळ्यांना राजेश सावंतांच्या शिव्यांपेक्षा जास्त लागलं. एका संध्याकाळी तिने हेडफोन काढून गळ्यात अडकवला.

“काका, एक विचारू? कावळे खरंच?”

ढवळे कोरफडीला पाणी घालत होते. ते घालतच राहिले.

“कारण मला एक तारखेपासून घाटकोपरला मैत्रिणीच्या रूमवर जायला लागणार आहे. ऑफिसवाले म्हणतात, घरी नीट लाईन घे नाहीतर दुसरी सोय बघ. किती दिवस कोणाच्या गॅलरीत बसणार? आईची दुपारची पाळी असते हॉस्पिटलात, ती नऊला घरी येते. मग ती आल्यावर घरी कोणीच नसणार.” तिने लॅपटॉप मिटला. “तिला जेवताना बोलायला लागतं कोणीतरी. नाहीतर ती उभ्या उभ्या खाते, ओट्यापाशी.”

ढवळे स्वतः गेली दोन वर्षं ओट्यापाशीच जेवत होते. कुंडीतून पाणी वाहून त्यांच्या पायावर आलं.

“कावळे नाहीत गं,” ते म्हणाले. “तू जाऊ नकोस. उद्या बघतो मी.”

पण सरकारी हरकत म्हणजे काही फोन नव्हे, मनात आलं आणि ठेवून दिली. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, “कावळ्यांचा अहवाल वर गेलाय. तो खाली आल्याशिवाय मागे घेता येणार नाही.”

“कधी येईल?”

“आता ते कावळ्यांवर आहे.”

शेवटी सर्वेशनेच वाट काढली. त्याने ढवळ्यांना आपल्या टेबलापाशी बसवलं आणि म्हणाला, “काका, मागे घेतली असं लिहूच नका. ‘हरकतदाराचे समाधान झाले’ असं लिहा. समाधान झालं तर कोणाला विचारायला लागत नाही.”

“समाधान झालेलं नाही माझं.”

“अहो, कोणाचं झालंय? लिहा.”

ढवळ्यांनी लिहिलं. खोटं लिहिण्याची स्टोअरकीपरच्या हाताला सवय नव्हती, त्यामुळे सही जरा वाकडी आली. सर्वेशने ती निरखून बघितली आणि एकदम म्हणाला, “आता तुमच्याकडे यायला कारण नाही उरलं काका. माझी बदलीपण झाली. कणकवलीला.” ढवळे म्हणाले, “छान. तिकडे मासे चांगले मिळतील.” दोघांनाही आणखी काहीतरी बोलायचं होतं. पण मागे बिलाची तक्रार घेऊन एक बाई उभी होती.

खांब लागला. राजेश सावंतांनी त्याच्यापुढे नारळ फोडला. फायबरची वायर घरोघर गेली, आणि रेंज तर अशी आली की लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगीत लोक जिन्यात उभे राहून कौतुकाने फोन करू लागले. सोसायटीने ढवळ्यांना लगेच माफ केलं. मुंबईत राग धरून ठेवायला वेळ कोणाला आहे? फोटोत त्यांना मधोमध उभं केलं. कुंदाताईंनी नारळाच्या वड्यांचा डबा हातात दिला. राजेश सावंत पाठीवर थाप मारून म्हणाले, “चला, सुटलात एकदाचे! आता मस्त आराम करायचा.”

ढवळे आराम करू लागले. सकाळी कडी काढत, चहा ठेवत, त्यात सवयीने पाणी जास्त पडे. वरून, खालून, भिंतीपलीकडून सगळ्यांचे आवाज येत. चेतनाचं बाळ उभं राहिलं हे त्यांना कुंदाताईंच्या खिडकीतून कळलं. ज्याच्या त्याच्या घरात जो तो बोलत होता. जिन्यात भेटले की सगळे हसून विचारत, “काय काका, बरंय ना?” आणि ते बरंय म्हणेपर्यंत खाली उतरून गेलेले असत. एकदा तर ढवळ्यांनी स्वतःहून ओजसला फोन लावला, तो म्हणाला, “काय झालं बाबा?” काही झालं नव्हतं. ‘मला करमत नाही’ म्हणायला जीभ वळेना, म्हणून ढवळ्यांनी गोळ्या घेतल्याचं सांगितलं आणि फोन ठेवला.

कोणाकडे जावं असं मनात येई. पण ढवळे असे काही काम नसताना कोणाच्या घरी कधी गेले नव्हते. लोक यायचे ते फोनसाठी. आपण कशासाठी जायचं? माणूस दारात उभा राहिला की समोरचा विचारतोच, ‘बोला, काय काम काढलंत?’ त्याचं उत्तर तयार पाहिजे.

चार-पाच दिवस ते उत्तर शोधत होते. मग एका संध्याकाळी उशिरा स्वच्छ शर्ट घालून तिसऱ्या मजल्यावर गेले आणि निधीच्या घराची बेल वाजवली.

“काका! या ना. काय झालं?”

“काही नाही गं. आमच्याकडे रेंज गेलीय,” ढवळे म्हणाले. “एक फोन करायचा होता. परभणीला, सुबोधला. तुझ्या खिडकीपाशी येते का बघू?”

निधीने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. “बघा ना,” ती म्हणाली आणि बाजूला झाली.

ढवळे खिडकीपाशी गेले. फोन कानाला लावला. सुबोध हा त्यांचा चुलतभाऊ. त्याच्याशी बोलून वर्ष उलटून गेलं होतं आणि आत्ताही त्याचा नंबर त्यांनी लावला नव्हता. निधी स्वयंपाकघरात गेली तशी त्यांनी जरा आवाज चढवला.

“हॅलो, सुबोध! हां, मी चंदू. कसा आहेस? पाऊसपाणी? अरे वा. नाही, मी मजेत. इकडे काय, माणसांचा राबता असतो सारखा. फुरसत म्हणून नाही. हो, हो. सगळे येतात. हो ना, एकटं कसलं वाटतंय—”

आणि कानाला लावलेला तो फोन खणखणून वाजला.

ढवळे दचकले. कुठल्यातरी कंपनीचा नंबर होता. रेंज पुरती भरलेली होती आणि बटण सापडत नव्हतं. फोन त्यांच्या हातात वाजत राहिला, आणि घर छोटं असल्यामुळे तो स्वयंपाकघरातही नीट ऐकू गेला. शेवटी एकदाचा बंद पडला. ढवळ्यांना वळून बघायचं धैर्य होईना. लाज वाटून त्यांचे कान तापले होते. आता काहीतरी खोकून, काहीतरी पुटपुटून जिना उतरायचा आणि पुन्हा वर यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

निधी चहाचे दोन कप घेऊन बाहेर आली. एक कप तिने टेबलावर ठेवला आणि त्याच्यासमोरची खुर्ची बाहेर ओढली.

“बसा काका. खाली तुमच्याकडे उद्यापण रेंज येणार नाही बहुतेक,” ती म्हणाली. “आठ वाजता येत जा. माझं काम तेव्हा संपतं, आणि आई नऊशिवाय येत नाही.”

ढवळे बसले. “आलं घातलंयस वाटतं?” ते म्हणाले. “झकास.”